सात जणांच्या वर्गातली दुसरी

मराठी शिकायला मी अमेरिकेला जायचं म्हणतेय, हे घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबा गॅलरीत उन्हात बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"मराठी?"

"हाव."

"अमेरिकेले?"

"हाव."

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," बाबा म्हणाले. "ही म्हण मी आजवर हरवलेल्या फायलींबद्दल वापरली. घरात वापराची पाळी आज आली."

बाबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं चूक होतं असंही नाही. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतून चार-पाच पोरं अमेरिकेला गेली होती, पण ती सगळी कॉम्प्युटरवाली. मी एकोणतीस वर्षांची, मराठीत एम.ए., आणि तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारी. सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या वेळात स्कूटीवर. तिकडे पीएचडीला घेतलं तर पाच वर्षं एका जागी बसून वाचता-लिहिता येतं, हे मला एका मैत्रिणीने सांगितलं होतं. 'एका जागी बसून' हे शब्द ऐकूनच मी अर्धी निघाले होते.

माझा विषय सांगितल्यावर तर आईने हातातली पालकाची जुडी खाली ठेवली. आमच्या भागातल्या लग्नांत बायका व्याह्या-विहिणींना गाण्यातून शिव्या घालतात. पंगत बसली की नवरीकडच्या बायका एका बाजूला जमतात आणि विहिणीच्या नाकापासून तिच्या भुकेपर्यंत सगळ्याचा उद्धार करतात. आता डीजे आल्यापासून ही गाणी फार कमी ऐकू येतात. मला त्यांच्यावर काम करायचं होतं.

"शिव्यांवर पीएचडी?" आई म्हणाली. "हे लोकांले सांगू नको वं बाई. नुसतं मराठी म्हणजो."

कॉलेजच्या ऑफिसात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा एकत्र दाखला, मागायला गेले. तिथल्या बाबूंनी अर्ज वाचला, पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरच्यांना हाक मारली. "हे पाहा, ही पोट्टी मराठीसाठी फॉरेनले जाऊन राहिली." तिघं गोळा झाले. एकाने अगदी मनापासून विचारलं, "तिकडची मराठी चांगली असते का?" मी म्हटलं, तिकडे पुस्तकं चांगली ठेवतात. हे मात्र सगळ्यांना पटलं. दाखला त्याच दिवशी मिळाला, पाकिटाच्या तोंडावर सही-शिक्क्यासह, आणि वर चहाही.

सहा विद्यापीठं ठरली. बाबांचा विरोध दुसऱ्या आठवड्यात मावळला, कारण त्यांनी कागदपत्रांची यादी पाहिली. इतकी कागदपत्रं पाहून त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा उत्साह आला. सहा फायली केल्या, प्रत्येकीला टॅग लावला, वर लाल शाईने विद्यापीठाचं नाव आणि अंतिम तारीख लिहिली. सगळं ऑनलाइन भरायचं आहे, असं मी तीनदा सांगितलं. "ऑनलाइन भर ना, कोण नाही म्हणते," ते म्हणाले. "पण फाइल पाहिजे."

अर्जासोबत, मला हा विषय का घ्यायचा आहे हे सांगणारा दोन पानांचा मजकूर इंग्रजीत द्यायचा होता. त्यात नमुना म्हणून मी एक गाणं भाषांतर करून टाकलं:

विहीणबाई आली वं, म्हणे भूक नाही मले,
चार पोळ्या पदरात, पाचवी कोणाले?

'पदरात'साठी मी 'साडीच्या टोकात' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. बाबांनी मजकूर तपासताना त्यावर गोल केला. "'एंड' म्हणजे शेवट. ती बाई लुगड्याच्या शेवटी पोचली असं वाटते. अन् एक सांग, ते लोक म्हणतील की चार पोळ्यांनी काय होते? शिवी कुठी आहे याच्यात?"

मला त्याचं उत्तर माहीत होतं, पण बाबांना सांगता येण्यासारखं नव्हतं. मूळ गाण्यात पोळ्या नव्हत्या आणि पदरही नव्हता. मी सभ्य पाठ घेतला होता.

आता राहिली शिफारसपत्रं. प्रत्येक ठिकाणी तीन. दोन पत्रं शिकवते त्या कॉलेजांतल्या मॅडमनी लगेच पाठवली. तिसरं मला माझ्या एम.ए.च्या सरांचंच हवं होतं, कारण माझा विषय, माझं डोकं आणि माझा स्वभाव या तिन्ही गोष्टी जवळून पाहिलेला तो एकच माणूस. सर निवृत्त होऊन कामठीला राहतात. विद्यार्थ्यांना अहो-जाहो करणारे आणि खोटं न बोलणारे. त्यांच्या पेपरात अठ्ठावन्न मार्क मिळाले की आमच्या वर्गात पेढे वाटत.

सरांना ईमेल नव्हता. त्यांनी आपल्या पत्नीचा, म्हणजे आमच्या काकूंचा, दिला. तीन दिवसांनी काकूंचा फोन.

"अवं, मले अमेरिकेतून सहा वेळा 'डिअर प्रोफेसर' म्हणून आलं. मी उघडलंच नाही. फसवणूक असंन म्हटलं."

पहिल्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी लॅपटॉप उचलला. विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवस, शहराच्या मध्यात बर्डीवर मोर्चे अडवलेले, म्हणून मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत आणि पुढे शेअर ऑटोने कामठी. ऑटोत माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर शेजारच्या बाईंची मेथी.

सर अंगणात वाटच पाहत होते. आत जाऊन मी लॅपटॉप उघडला, फॉर्म लावला. सरांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीवर थांबले.

"इथे लिहिलं आहे की हे पत्र वाचण्याचा हक्क तुम्ही सोडून दिलेला आहे."

"हो सर, सगळेच सोडतात. एक औपचारिकता..."

"मग तुम्ही या खोलीत कशा?"

"सर, टाइप कोण करणार?"

"ही करेल," सर काकूंकडे बघत म्हणाले. काकू सरकारी कार्यालयात टंकलेखक म्हणून नोकरी केलेल्या. हे मला आठवलंच नव्हतं. त्यांनी पदर खोचला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि मला सांबारवडीची, म्हणजे कोथिंबीरवडीची, ताटली हातात देऊन अंगणात पाठवलं. "बस उन्हात. खाजो सगळं, वापस आणू नको."

मी पेरूच्या झाडाखाली खुर्ची घेतली. खोलीची खिडकी माझ्या डोक्याच्या बरोबर वर, सताड उघडी. सर वर्गात बोलत त्याच आवाजात इंग्रजीत मजकूर सांगू लागले. हक्क मी सोडला होता, पण कान काही सोडता येत नव्हते.

"'विद्यार्थिनी कष्टाळू आहे.' पूर्णविराम."

की-बोर्डचा कडकडाट. मग काकू: "पुढे?"

"पुढे काय? झालं."

"अहो, पाचशे शब्द पाहिजे म्हणते इथे."

"खऱ्या गोष्टीला पाचशे शब्द लागत नाहीत."

"मंग खऱ्या गोष्टी जास्त सांगा."

 सर माझ्या शोधनिबंधाबद्दल, मी गावोगाव फिरून गोळा केलेल्या गाण्यांबद्दल बोलायला लागले. चांगलं बोलत होते. मी वडी खायची थांबून ऐकत होते. एवढ्यात सरांनी घसा साफ केला.

"'परंतु ती वाद घालते. कधीकधी वर्ग संपल्यावरही.'"

कडकडाट थांबला. "हे कायले लिहाचं?"

"खरं आहे म्हणून."

"खरं तं हेही आहे का ती सायकल ठेवताना आपली तुळस मोडून गेली होती. तेही लिहू?"

"ते शैक्षणिक नाही."

वादाचं वाक्य पत्रात राहिलं. मग तक्ता आला. त्यात सरांनी खूण करायची होती: ही विद्यार्थिनी पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा, पंचवीस की पन्नास? सगळी दुनिया इथे डोळे मिटून पहिली नाहीतर दुसरी खूण करते. सरांचं डोकं खिडकीतून बाहेर आलं.

"तुमच्या वर्गात विद्यार्थी किती होते?"

"सात, सर."

"साताचे पाच टक्के म्हणजे साधारण एक तृतीयांश विद्यार्थी. तुम्ही तर पूर्ण आहात." डोकं आत गेलं आणि परत बाहेर आलं. "पहिला आला तोसुद्धा चौदा टक्क्यांच्या पुढे जातो. तुमचा क्रमांक कितवा होता?"

मला खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण निकाल सरांनीच लावलेला होता.

"दुसरा, सर."

"म्हणजे अठ्ठावीस टक्क्यांच्या वर," सर दुःखाने म्हणाले. "पहिल्या पन्नासात खूण करावी लागेल."

माझं अमेरिकेला जाणं त्या पेरूच्या झाडाखाली संपलं. आतून काकूंचा आवाज चढला. "अहो, ती एक पोट्टी तीन-तीन कॉलेजं सांभाळून, मोर्च्यांतून वाट काढत आली अन् तुम्ही त्रैराशिक मांडून राहिले! नीट वाचा इथे. वर्गातल्या पोरांमध्ये नाही म्हणत. तुम्ही आयुष्यात शिकवलेल्या सगळ्या पोरांमध्ये म्हणते."

 मग सरांचा बदललेला आवाज. "सगळ्या?"

"सगळ्या."

"मग आठवावे लागतील."

आणि सर आठवायला बसले. खरोखरच बसले. एकतीस वर्षांच्या सगळ्या तुकड्या, पहिल्यापासून. काकू मोजत होत्या. मधून मधून एखादं वाक्य खिडकीतून बाहेर येई. एक जण आता काटोलला संत्र्यांचा व्यापारी आहे, पण त्याने नाटकावर लिहिलेला निबंध सरांनी अजून ठेवला होता. एक मुलगी दोन वर्षांत एक शब्द बोलली नाही आणि परीक्षेत तिने असं उत्तर लिहिलं की सरांनी तो पेपर घरी आणून काकूंना वाचून दाखवला होता. "तिचं पुढे काय झालं?" काकूंनी विचारलं. "लग्न झालं," सर म्हणाले, आणि पुढच्या तुकडीकडे वळले. ऊन पेरूवरून भिंतीवर गेलं. मी मुदत विसरून गेले होते. एका विद्यार्थिनीसाठी इतकी माणसं डोळ्यांसमोरून जाऊ देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटी काकू म्हणाल्या, "हं, मंग आता? कुठी करू खूण?"

सर उठले, खिडकीशी आले, खाली बसलेल्या माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. खूण कुठे केली ते मला आजही माहीत नाही.

उरलेले पाच फॉर्म काकूंनी अर्ध्या तासात उडवले. निघताना सर फाटकापर्यंत आले.

"तुमची ती गाणी वाङ्मय आहेत, हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही."

"माहीत आहे, सर."

"पण तुम्ही जा."

जानेवारीच्या शेवटी एका विद्यापीठाकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. व्हिडिओवर, आपल्या संध्याकाळी साडेसातला. बाबांनी दारावर 'मुलाखत सुरू आहे, बेल वाजवू नये' असा कागद चिकटवला. मिक्सर बंद, टीव्ही बंद, घरघर करतो म्हणून फ्रिजही बंद. आणि नेमकी त्याच दिवशी काटोलहून आत्या आली, पिशवीभर संत्री घेऊन, सासरच्या पुतणीच्या लग्नाच्या खरेदीसाठी. बाबांनी आपल्या मोठ्या बहिणीला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि सांगितलं, "एक तास बोलाचं नाही."

"शिंक आली तं?" आत्याने विचारलं.

"बाहेर जाऊन ये."

पडद्यावर तीन प्राध्यापक. दोन बाया, एक गृहस्थ. मी पाठ केलेली उत्तरं नीट म्हणत होते. बाबा कॅमेऱ्यात न येता, भिंतीला चिकटून उभे. मग त्यातल्या मोठ्या वाटणाऱ्या बाईंनी कागद पाहत विचारलं, "तुमच्या सरांनी लिहिलंय की तुम्ही वाद घालता. कशावरून घातला होता?"

याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. मी खरं ते सांगून टाकलं. सर वर्गात म्हणाले होते, ओवी हे वाङ्मय, पण लग्नातल्या शिव्या म्हणजे नुसता गोंगाट. मी म्हटलं होतं, ज्या गोंगाटाला ताल आहे, यमक आहे, आणि जो दोनशे माणसांसमोर ऐकून घ्यायला पाहुणे मान खाली घालून थांबतात, त्याला दुसरं काय म्हणायचं? सरांनी पुरावा मागितला. मी उभी राहून गाणं म्हटलं. सरांनी मला वर्गाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ते आले ते एक कागद घेऊन. त्यावर त्यांच्या आईची तीन गाणी रात्री आठवून लिहिलेली होती. "यांची चाल मला येत नाही," एवढंच ते म्हणाले.

तिघंही हसले. बाई म्हणाल्या, "कोणतं गाणं होतं? म्हणाल का?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे पाहू लागले. मी सुरू केलं, हळू आवाजात, सभ्य पाठ. विहीणबाई आली वं, म्हणे भूक नाही मले. श्वास घेतला आणि 'चार पोळ्या पदरात' म्हणाले.

"अवं, तशी नाही ते!"

आवाज स्वयंपाकघरातून आला. पाठोपाठ आत्याही आली, हातात अर्धं सोललेलं संत्रं. "पोळ्या कुठून आणल्या? 'चार लाडू चोळीत'! चार लाडू चोळीत, पाचवा कोणाले!" आणि तिने तिथेच, खड्या आवाजात, दोन्ही ओळी लावून म्हटल्या. सवयीचा हिसका असा की आतून आईने झील दिली आणि मग 'अवं बाई' म्हणून तोंडावर हात ठेवल्याचाही आवाज आला. बाबा भिंतीवरून घसरत खुर्चीवर बसले.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तिघांना चोळी समजावली, लाडू समजावले. ते गृहस्थ इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. बाईंनी मात्र पेन उचललं. "यांना विचारा, असं गाणं ऐकून कधी कोणाला राग येत नाही का?"

मी आत्याला विचारलं. आत्याने संत्र्याची फोड तोंडात टाकली, विचार केला.

"राग आला तं समजाचं, गाणं नीट लागलं. अन् राग नाही आला तं त्या घरी पोरगी सुखात राहते. त्याच्यासाठीच तं म्हणतात. पाहून घ्याले."

हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी ही गाणी गोळा करत होते आणि माझ्याच आत्याला कधी विचारलं नव्हतं. मी इंग्रजीत सांगितलं, आणि सांगता सांगता मला जाणवलं की माझ्या दोन पानांच्या मजकुरात जे नव्हतं ते हेच. पुढची वीस मिनिटं मुलाखत आत्याची झाली, मी फक्त दुभाषी. शेवटी आत्याने त्यांना लग्नाचं निमंत्रण दिलं आणि मुक्काम कुठे करावा हेही सांगितलं.

फ्रिज परत सुरू करून बाबा म्हणाले, "गेलं." आत्या म्हणाली, "काहून? चांगली बाई होती. लिहून घेत होती."

फेब्रुवारीत नकार यायला लागले. पाच नकार, पाचही इतक्या गोड इंग्रजीत की पहिल्याला बाबा होकारच समजले होते. त्यांनी प्रत्येकाचा प्रिंट काढून ज्याच्या त्याच्या फायलीत लावला आणि फाइल बंद केल्याची नोंद केली. सहावी फाइल, मुलाखत झाली त्या विद्यापीठाची, उघडी होती. तिथून आलं होतं की आम्ही तुम्हाला प्रतीक्षा यादीत ठेवलं आहे. बाबांना रेल्वेची सवय. ते रोज विचारत, "वेटिंग किती?" आकडा देत नाहीत, म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना.

एप्रिलमध्ये कॉलेजच्या परीक्षा लागल्या. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मी एका हॉलमध्ये पर्यवेक्षक होते. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा पिशवीतून काढून पाहिला. आम्हाला कळवण्यास आनंद होतो, अशी सुरुवात होती. मी ती माठाजवळ उभी राहून तीनदा वाचली. मग मोबाईल परत पिशवीत ठेवला आणि आत गेले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. पुढचा दीड तास अठ्ठेचाळीस मुलांमधून मी येरझारा घातल्या. त्या दीड तासात कोणी कॉपी केली असेल तर ती मला दिसलेली नाही, हे इथे कबूल करते.

पेपर जमा करून झाल्यावर घरी फोन लावला. आईने उचलला. मी सांगितलं. आईने ते तिथूनच मोठ्याने बाबांना सांगितलं. मागे बाबांचा आवाज, "कन्फर्म झालं का? विचार, कन्फर्म का?"

"हाव म्हण त्यांले," मी म्हटलं.

"कधी जाचं?" आईने विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

"ऑगस्ट," आई म्हणाली, आणि मनातल्या मनात महिने मोजत राहिली. "तोपर्यंत आंब्याचं लोणचं मुरून जाईन. दोन बरण्या घालते."